तुरटीचे स्फटिक, सागाचं कापड: प्रिन्सेस स्ट्रीट ते रे रोड, काय घ्यावं आणि काय सोडावं

आधी निकाल, मग कारणं. कापडावर स्फटिक वाढवायचे असतील तर प्रिन्सेस स्ट्रीटवरची सुटी तुरटी घ्या, खेळण्यांच्या दुकानातलं क्रिस्टल किट नको. कापडाला लाकडाची जोड द्यायची असेल तर रे रोडच्या लाकूड बाजारातून अर्ध्या मिलिमीटरचं कच्चं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ काप, घ्या आणि ते उष्णतेने वितळणाऱ्या फिल्मने चिकटवा, पांढऱ्या गोंदाने नाही. व्हिनिअरचं लेझर कटिंग बाहेरून करून घ्यायला हरकत नाही, पण फाइल आणि अटी आपल्या. दोन्ही गोष्टी एकाच कापडावर आणायचा मोह मात्र आवरलेला बरा, निदान अंगावर घालायच्या कपड्यात.

हा सगळा हिशेब मुंबईच्या हवेचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि त्याच दिवशी एसी लावलेल्या गॅलरीत ती पन्नाशीवर येते. नमुना टबातून बाहेर काढल्या दिवशी चमकतोच, त्यात काही कौतुक नाही. या दोन हवांमध्ये ये-जा करून महिन्याभराने तो कसा दिसतो, यावर खालचे गुण दिले आहेत. थंड, कोरड्या देशातल्या स्टुडिओंच्या कृती इथे जशाच्या तशा उतरवल्या की घोटाळा होतो तो इथेच.

काम तसं नवं नाही. जपानी डिझायनर तोकुजिन योशिओकाने २००८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात पॉलिएस्टर तंतूंचा सांगाडा टाकीत बुडवून त्यावर स्फटिकांची खुर्ची वाढवली. त्याच वर्षी रॉजर हायॉर्न्सने लंडनमधल्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये ७५ हजार लिटर मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण ओतून भिंती निळ्या केल्या. २०१४ मध्ये सिगालित लांडाऊने काळा झगा मृत समुद्रात बुडवून ठेवला आणि तो मिठाने पांढरा होऊन बाहेर आला. लाकडाच्या बाजूला बर्लिनच्या एलिसा स्ट्रोझिकचं काम सगळ्यांना माहीत आहे: व्हिनिअरचे छोटे त्रिकोण कापडावर बसवून लाकडाला घड्या पाडायच्या. त्याच्या कितीतरी आधीपासून जुन्या रोल-टॉप टेबलांच्या सरकत्या झापेमागे पट्ट्या धरून ठेवणारा कॅनव्हास होताच. यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्फटिकांच्या या तिन्ही कामांतली एकही वस्तू कुणी अंगावर घालून लोकलने जाणार नव्हतं.

तुरटी: पाचपैकी साडेचार

केमिकलच्या दुकानात नुसतं "तुरटी द्या" म्हटलं तर तीन वेगळे पदार्थ हातात पडू शकतात. पहिला पोटॅश तुरटीचा, म्हणजे न्हावी दाढीनंतर फिरवतो तो काचेसारखा खडा. दुसरी अमोनियम तुरटी: दिसायला तशीच आणि स्फटिकही तितकेच देखणे, आठ पैलूंचे. तिसरं ॲल्युमिनियम सल्फेट. पाणी निवळायला वापरतात त्या मळकट लाद्या याच्याच, आणि या कामाला त्या पूर्ण निरुपयोगी, कारण हा पदार्थ पाण्यात भराभर विरघळतो आणि द्रावण निवलं तरी बाहेर यायचं नाव घेत नाही.

म्हणून घाऊक माल उचलण्याआधी मूठभर नमुना घ्या. १०० मिलिलिटर कडकडीत पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी टोकदार खड्यांचा थर बसला असेल तर तुरटी खरी. नुसतं पाणीच राहिलं असेल तर दुकान बदला. पोटॅश की अमोनियम हे ओळखायचं असेल तर चिमूटभर भुकटीत ओला चुना चोळा, पानाचा चालतो. अमोनियम तुरटी असेल तर नाक झोंबणारा वास लगेच येतो. वाढवायला दोन्ही चालतात, पण पुढे कापडाचा संबंध साबणासारख्या अल्कलीशी येणार असेल तर पोटॅशच घ्यावी.

ग्रेडबद्दल: कमर्शियल आणि एलआर, म्हणजे प्रयोगशाळेच्या ग्रेडच्या, भावात मोठी तफावत असते. फरक मुख्यतः लोहाच्या अंशाचा. सरावाला कमर्शियल भरपूर झाली. शेवटचा तुकडा पांढऱ्या रेशमावर असेल किंवा जवळपास सागाचं लाकूड असेल तर एलआरवर पैसे घाला, कारण लोह आणि लाकडातलं टॅनिन भेटलं की काळा डाग पडतो आणि तो जात नाही.

आता प्रमाण. एक लिटर पाण्यात ३० अंश सेल्सिअसला सुमारे १६५ ग्रॅम पोटॅश तुरटी विरघळते, ६० अंशांना साडेपाचशेच्या वर. हा जो फरक, तोच कापडावर बसतो. लिटरला २५० ग्रॅम घेतली तर निवल्यावर साधारण ८५ ग्रॅम बाहेर येते: सुटे, स्वच्छ, मोठे पैलू. ३५० ग्रॅम घेतली तर जवळपास दुप्पट माल बसतो, पण दाट आणि बारीक, साखरेच्या पाकासारखा खरबरीत. डिझाइनसाठी २५० चा आकडा चांगला. हे द्रावण ४० अंशांच्या आसपास संपृक्त होतं, म्हणून कापड नेमकं त्याच सुमाराला आत सोडायचं.

इथेच सगळ्यात जास्त नमुने वाया जातात. कापडावर आधी बीज धरावं लागतं. गार संपृक्त द्रावण ब्रशने लावून पंख्याखाली वाळवलं की धाग्यांवर तुरटीची भुकटी बसते. मोजके, मोठे स्फटिक हवे असतील तर ओलसर कापडावर कुटलेली तुरटी मैद्याच्या चाळणीने भुरभुरवा. मग घाईने कापड ६० अंशांच्या द्रावणात टाकलं तर ते सगळं बीज मिनिटभरात विरघळून जातं, आणि दुसऱ्या दिवशी खडे टबाच्या तळाशी, कापड कोरं. थर्मामीटरशिवाय हे काम करू नये. प्रिन्सेस स्ट्रीटवरच प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात साधा काचेचा मिळतो.

द्रावण गाळायचं, दुहेरी सुती फडक्यातून तरी. गाळलं नाही तर प्रत्येक धुळीचा कण आपलं दुकान मांडतो. टब प्लास्टिकचा किंवा काचेचा. लोखंडी तार, टाचण्या, साध्या सुया नकोत, तुरटीचं पाणी आम्ल असतं आणि गंज थेट कापडावर उतरतो. कापड प्लास्टिकच्या भरतकामाच्या रिंगेत ताणून, तळापासून किमान पाच सेंटिमीटर वर, नायलॉनच्या दोरीने टांगावं. वर झाकण, भोवती जुनी गोधडी. जितकं हळू निवेल तितके पैलू मोठे. टब फ्रिजवर किंवा चालत्या मशीनजवळ ठेवला तर कंपनांनी बारीक स्फटिकांचा पाऊस पडतो.

पाण्याचा प्रश्न मुंबईत सोपा आहे. महापालिकेचं पाणी तलावांचं, त्यामुळे हलकं, आणि थेट चालतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर तुरटी घातल्याबरोबर द्रावण दुधाळ होतं. हा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका. तो पैलूंवर बसून चमक मारतो. अशा इमारतींत आरओचं पाणी घ्या.

बाहेर काढल्यावर तुकडा तसाच वाळू दिला तर अंगावरचं उरलेलं द्रावण पांढरी पूड होऊन बसतं आणि अख्खं काम खडू लावल्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे: बाहेर काढल्याबरोबर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकदा बुचकळून काढा. तुरटी त्यात विरघळत नाही, पाणी मात्र निघून जातं. मग टिपकागदाने टिपा, पुसू नका. अल्कोहोल पेट घेतं, गॅसजवळ हे करू नये.

वरचं कवच म्हणून पाण्यावर आधारित वार्निश चालत नाही, ते लावतानाच पैलू विरघळतात. ॲसिटोनमध्ये १० टक्के विरघळवलेलं ॲक्रिलिक रेझिन, म्युझियमवाले वापरतात ते पॅरालॉइड बी-७२, सर्वात छान. ते नसेल तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पातळ करून दोन हलके हात. कोणतंही कवच ओल पूर्ण अडवत नाही, फक्त उशीर लावतं. इपॉक्सी जाड ओतू नका. ती बसताना तापते आणि तुरटी ९२ अंशांच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळते.

अर्धा गुण कापला तो वजनासाठी आणि आम्लासाठी. तुरटीची घनता पाण्याच्या पावणेदोनपट. एक चौरस फूट कापडावर दोन मिलिमीटरचा सलग थर धरला तर तो सव्वातीनशे ग्रॅमच्या घरात जातो. अंगावरच्या कपड्याचा तर सोडाच, पडद्याचाही झोक राहत नाही. म्हणून सलग थर न देता बेटं करावीत, ८ ते १० मिलिमीटरची, मध्ये मोकळं कापड ठेवून. मोकळ्या जागेवर बाटिकसारखं मेण लावलं की तिथे बीज धरत नाही. मेणाच्या कामाला लिटरला २५० ग्रॅमचंच द्रावण वापरा. ३५० वाल्यात कापड ४८ अंशांना सोडावं लागतं आणि तिथे मेण ढिलं पडायला लागतं.

बाकीचे क्षार, थोडक्यात

टाकणखार, म्हणजे बोरॅक्स: साडेतीन. झवेरी बाजारातले सोनार डाख देताना वापरतात तोच. कॅरमच्या पटावर टाकायची पावडर ती बोरिक ॲसिडची, ती वेगळी. तिचे नुसते चपटे पापुद्रे होतात, चुकून ती आणू नका. टाकणखार लिटरला २०० ग्रॅम, चांगल्या गरम पाण्यात. ३० अंशांना त्यातला ७५-७६ ग्रॅमच विरघळलेला राहतो, बाकी रात्रीत कापडावर. वाढ झटपट आणि दाट होते, नवशिक्याला हुरूप येतो. अडचण एसीची. कोरड्या हवेत टाकणखार आपल्या अंगचं पाणी सोडतो आणि पैलूंवर पांढरी पूड धरते. गॅलरीत महिनाभर लटकवायचं असेल तर आधी कवच, मग उद्घाटन. पोटात जाणं वाईट, प्रजननक्षमतेवर परिणाम करणारा म्हणून युरोपात त्याची नोंद आहे. लहान मुलांच्या वस्तूंवर नको.

क्रिस्टल किट: दोन. आत अनेकदा मोनो अमोनियम फॉस्फेट असतं. आपल्याकडे द्राक्षबागायतदार ठिबकमधून देतात ते १२-६१-०० खत हेच. किटमधल्या चार चमच्यांच्या पुडीपेक्षा खताची एक किलोची पिशवी परवडते. लिटरला ६०० ग्रॅम घेतलं की सुयांसारखे टोकदार मनोरे येतात, दिसायला तुरटीपेक्षाही नाट्यमय. पण मोडायलाही तितकेच सोपे.

साधं मीठ: शून्य, निदान पावसाळ्यात. प्रत्येक क्षाराची आर्द्रतेची एक हद्द असते. हवा तिच्यापलीकडे गेली की क्षार हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळायला लागतो. मिठाची हद्द ७५ टक्के. मुंबईत जूनच्या मध्यापासून कापडावरचं मीठ अक्षरशः ठिबकतं. एप्सम सॉल्ट आणि १२-६१-०० यांची हद्द नव्वदीच्या आसपास, म्हणजे ८५ टक्क्यांना जेमतेम तग. तुरटी आणि टाकणखार पाण्यात मुळात कमी विरघळतात, त्यामुळे त्यांची हद्द खूप वर आहे. एप्समला दुसरीकडून टाकणखाराचंच दुखणं: कोरड्यात पूड. दोन्ही हवांमध्ये उभी राहते ती तुरटी, म्हणून तिला साडेचार.

मोरचूद निळं देखणं आहे, पण विषारी. लोखंडावर तांबं चढवतं आणि द्रावण गटारात गेलं तर माशांना घातक. फक्त काचेच्या पेटीत बंद राहणाऱ्या कामासाठी. रंगाचीच हौस असेल तर क्रोम तुरटी पाहा, चामडे कमावण्याच्या केमिकलवाल्यांकडे मिळते. पोटॅश तुरटीत थोडी मिसळली की एकाच स्फटिकात दोन्ही बसतात आणि फिकट जांभळी झाक येते. तिचं द्रावण ५० अंशांच्या वर नेलं तर ते हिरवं पडतं आणि मग नीट स्फटिक देत नाही. खाण्याचे रंग, शाई वगैरे तुरटीत मुरत नाहीत, फक्त बाहेर चिकटतात. त्यापेक्षा कापड रंगवा, पारदर्शक खड्याखालून रंग आपोआप दिसतो. क्रोम तुरटीचं कामही अंगावर घालायचं नाही.

मंगलदास मार्केट: कापड

गुळगुळीत धागा स्फटिकाला धरायला जागा देत नाही. शिफॉन, सॅटिन, नायलॉनची नेट यांवर वाढ तुरळक आणि हात लागला की गळणारी. धाग्याला लव हवी. पण लव पाहून भागत नाही, आम्ल-अल्कलीही पाहावी लागते, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. तुरटीचं आम्ल सुती तंतूला वर्षानुवर्षं खात राहतं. एकोणिसाव्या शतकातली तुरटी-राळेची खळ दिलेली पुस्तकं आज हाताळली की पानांचे तुकडे पडतात, ते याच कारणाने. रेशीम आणि लोकर सौम्य आम्ल सहन करतात, पण अल्कली त्यांना सोसत नाही, आणि टाकणखाराचं द्रावण अल्कलीच असतं. तेव्हा तुरटी रेशीम-लोकरीवर, टाकणखार सुतीवर.

तुरटीसाठी सर्वात चांगलं कापड मटका सिल्क. जाड, गाठाळ, लव असलेलं, बीज छान धरतं. फेल्ट घेताना सावध: दुकानात मिळणारं बरंचसं पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक असतं. एक धागा जाळून पाहा. जळक्या केसांचा वास आणि चुरडणारी राख म्हणजे लोकर, वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिक. टाकणखारासाठी गाडा, म्हणजे जाडंभरडं सुती कापड, किंवा साधं मांजरपाट.

काहीही घ्या, आधी खळ काढा. नव्या कापडाला खळ आणि वर सिलिकॉनचं सॉफ्टनर असतं, त्यावर द्रावण भिजतच नाही, थेंब घरंगळतात. सुती कापड धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळा. रेशीम मात्र कोमट पाण्यात सौम्य साबणाने. पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर कापडाने पिऊन टाकला तर तयार. लाकूड चिकटवण्यासाठीच्या मांजरपाटालाही हेच करा, नाहीतर ते नंतर आटतं आणि लाकूड तिथेच राहतं.

रे रोड: व्हिनिअर, चार गुण

व्हिनिअर मागितलं की बहुतेक ठिकाणी ८ बाय ४ फुटी प्लायवर चढवलेली शीट दाखवतात. ती आपल्या कामाची नाही. "कच्चं, ०.५ एमएम, न चढवलेलं" असं स्पष्ट सांगा. हे लांब, अरुंद पट्ट्यांत येतं. रेकॉन म्हणजे रंगवून, पुन्हा जोडून कापलेलं व्हिनिअर एकसारख्या रेषांचं असतं आणि लेझरला सरळ जातं. खऱ्या सागाची मजा त्यात नाही. फ्लीसची पाठ आधीच लावलेलं लवचीक व्हिनिअरही मिळतं, महाग पडतं, पण छोट्या कामात एक अख्खी पायरी वाचते. कागदी पाठीचं घेऊ नका, घडीवर कागद तुटतो.

दुकानातच तपासा. पट्टी लाकडाच्या रेषांना समांतर अशा पेन्सिलीभोवती गुंडाळली तर चांगलं व्हिनिअर वळतं. रेषांना आडवं वाकवलं तर कोणतंही तडकेल, त्यात मालाचा दोष नाही.

हवेचा हिशेब इथेही. ५० टक्के आर्द्रतेत लाकूड सुमारे ९ टक्के ओल धरतं, ८५ टक्क्यांत सतराच्या वर. सागाचं पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुक्यापर्यंतचं आडवं आकुंचन जास्तीत जास्त ५.८ टक्के. त्या हिशेबाने एसीतून पावसात गेलेली १०० मिलिमीटर रुंद पट्टी दीड मिलिमीटरपर्यंत फुगते. रेषांच्या दिशेने मात्र जवळजवळ काहीच नाही. मोठा तुकडा सलग चिकटवला की म्हणूनच कापड वाटीसारखं वळतं. ३० मिलिमीटरच्या तुकड्याला फुगण्यासाठी ०.४ ते ०.५ लागतात. शिवाय लाकूड आतल्या बाजूला ठेवून पूर्ण घडी घालायची तर दोन जाड्या, म्हणजे १ मिलिमीटर मोकळा हवा. बेरीज करा: दोन तुकड्यांमध्ये दीड मिलिमीटर. लेझरची स्वतःची फट पाव मिलिमीटरच्या आत असते, त्यामुळे नुसती एक रेघ मारून बिजागरी होत नाही, दोन रेघा मारून मधली पट्टी काढून टाकावी लागते.

चिकटवणं. पांढऱ्या गोंदातलं पाणी व्हिनिअरची एकच बाजू फुगवतं आणि वाळताना पट्टी वळते. रबर सोल्युशन पटकन धरतं, पण उन्हात ढिलं पडतं आणि तुकडे हळूहळू सरकतात. टीपीयू या लवचीक प्लास्टिकची हॉट-मेल्ट (उष्णतेने वितळणारी) फिल्म, ०.१ मिलिमीटरच्या आतली, घ्या. चामड्याच्या आणि बुटांच्या सामानवाल्यांकडे चौकशी करा. हीट प्रेस १२० ते १३० अंश, १५ ते २० सेकंद, वर बेकिंग पेपर. मग लगेच सपाट वजनाखाली गार होऊ द्या, गरम असतानाच उचललं तर कडा सुटतात. साग तेलकट असतो, चिकटवण्याची बाजू आधी ॲसिटोनने पुसा. ही एक पायरी गाळली तर कोपरे पहिल्या आठवड्यातच उभे राहतात. त्रिकोणांची टोकं एक मिलिमीटर गोल करा आणि लाकडाची रेषा निमुळत्या कोनाच्या लांबीत ठेवा. आडवी गेली तर टोक नखाने तुटतं.

वाळवी-भुंगा आणि बुरशीसाठी व्हिनिअर चिकटवण्याआधी टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात भिजवून, जाळीच्या दोन फळ्यांमध्ये दाबून पूर्ण वाळवता येतं. पिठाची खळ मात्र कुठेच नको, कसर लागते.

लेझर जॉबवर्क: तीन

साइनबोर्डवाल्यांच्या मशीन ॲक्रिलिकसाठी लावलेल्या असतात. व्हिनिअर कापून खालचं कापड शाबूत ठेवायचं म्हणजे वेग वाढवून पॉवर उतरवावी लागते, आणि ऑपरेटरला त्याची सवय असतेच असं नाही. तेव्हा काम देताना तीन गोष्टी ठरवून घ्या: आधी टाकाऊ पट्टीवर चाचणी, हवेचा झोत चालू, आणि लाकडावर मास्किंग टेप, नाहीतर धुराचे तपकिरी पट्टे बसतात. कोरल ड्रॉची फाइल दिलीत तर वेळ वाचतो. पाठ सुतीच हवी, पॉलिएस्टर वितळून बिजागरी कडक होते. आणि रेक्झिन, म्हणजे पीव्हीसीचं नकली चामडं, कापून द्याल का असं विचारून पाहा. क्लोरीनचा धूर म्हणून नकार देणारा ऑपरेटर मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

दोन्ही एकत्र

तुरटी ९२ अंशांना वितळते, फिल्म १२० ला चिकटते. म्हणजे क्रम एकच शक्य: आधी लाकूड, मग स्फटिक. पण मग लाकूड रात्रभर पाण्यात राहतं, फुगतं, टॅनिन सोडतं. लॅकरचे दोन हात देऊन, कडांसकट, ते वाचवता येतं. तरीही स्फटिक नेमके फटींतल्या मोकळ्या कापडावर धरतात आणि बिजागरी गोठते. दोन्ही हवंच असेल तर स्फटिकांची बेटं वेगळ्या मटका सिल्कवर वाढवा आणि कडेला छिद्रं पाडलेले लाकडाचे तुकडे नंतर सुईदोऱ्याने शिवा. भिंतीवरच्या पॅनेलला ठीक. ओढणीला किंवा पिशवीला नाही.

विकत घेण्याआधीची परीक्षा

पावसाळ्याची वाट पाहायची गरज नाही. झाकण घट्ट बसणारे दोन प्लास्टिकचे डबे घ्या. एकात पोटॅशियम क्लोराइड जेमतेम भिजेल इतक्या पाण्यात कालवून वाटीत ठेवा, आतली आर्द्रता ८४ टक्क्यांवर स्थिर राहते. दुसऱ्यात मॅग्नेशियम नायट्रेट तसंच, तिथे ५२ च्या आसपास. दोन्ही वाट्यांत थोडा क्षार न विरघळलेला दिसत राहिला पाहिजे. पाच सेंटिमीटरचा नमुना जाळीवर, वाटीला न टेकता ठेवा आणि दर आठवड्याला डबा बदला. चार अदलाबदलींनंतर पैलू मंद झाले, कापड चिकट लागलं किंवा लाकडाचा कोपरा कागद सरकेल इतका उठला, तर तो माल आणि ती पद्धत दोन्ही सोडा. काळ्या टिपकागदावर नमुना हलकेच आपटून पाहा. पांढरी पूड दिसली तर कवच पुन्हा द्यावं लागेल. यात पास झाल्यावरच घाऊक खरेदीला निघा, आणि रविवारी नको, मंगलदास बंद असतं.